पालकसभेत बोलायचे काय?



शिक्षक आणि पालक यांच्यात चांगला संवाद हवा, याला या सभागृहात कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. शिक्षक घेणार नाहीत, पालक घेणार नाहीत, शिक्षणाधिकारी तर नाहीच नाही. ज्यावर सगळ्यांचे आधीच एकमत आहे त्यावर तासभर बोलण्यात हशील नाही, म्हणून मी थोडी अडचणीची बाजू घेणार आहे. पालकसभा कमी होतात म्हणून संवाद होत नाही, असे आपण धरून चालतो आणि उपाय म्हणून आणखी एक सभा, आणखी एक समिती, आणखी एक पंधरवडा सुचवतो. माझे म्हणणे असे की सभा पुरेशा आहेत आणि समित्या तर गरजेपेक्षा जास्तच आहेत. खोट आहे ती तिथे होणाऱ्या बोलण्यात. शाळा मुलाविषयी जे सांगते ते इतके मोघम असते की त्यावर घरी काही करता येत नाही, आणि पालक जे सांगतो त्यावर शाळेत काही केले जात नाही. सभांची संख्या वाढवून यातले काहीच सुटणार नाही.

कायद्याने आपल्या वाट्याचे काम बऱ्यापैकी केले आहे. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच रांगेत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती यांची माहिती त्यांना देणे हेही कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. म्हणजे पालकांशी बोलणे ही शिक्षकाची भलमनसाई नव्हे, तो त्याच्या नोकरीचा भाग आहे. कलम २१ने विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांना शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे त्यात आहे. कागदावर यापेक्षा लोकशाहीवादी रचना शोधून सापडणार नाही. शिवाय पालक-शिक्षक संघ आले, माता-पालक संघ आले. लहान गावात बहुतेक तीच पाच-सात माणसे या सगळ्या याद्यांत असतात, आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

सभेच्या दिवशी पालकाच्या हातात जो कागद पडतो तो जरा जवळून पाहू. २०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात गुणांऐवजी श्रेणी आली : ९१ ते १०० टक्क्यांना अ-१, ८१ ते ९०ला अ-२, असे उतरत ई-२पर्यंत. श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि प्रगतिपुस्तकात त्यांच्यासाठी रकाने आले : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. आकड्याने मूल कळत नाही, शिक्षकाने ते शब्दांत सांगावे, ही ती कल्पना. झाले असे की तयार नोंदींच्या याद्या छापून आल्या, मग त्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’, ‘अवांतर वाचन वाढवावे’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’, ‘अभ्यासात सातत्य हवे’ : चाळीस मुलांच्या पुस्तकांत ही वाक्ये आलटूनपालटून लिहिली की काम भागते. यात शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण एका बैठकीत शेकडो नोंदी भरायला लावल्या की कोणीही हेच करील. परिणाम मात्र पालकाला भोगावा लागतो. डॉक्टरने तपासून औषधाच्या चिठ्ठीवर ‘प्रकृती सुधारावी’ एवढेच लिहून द्यावे, तशातला हा प्रकार आहे.

आता याच्या शेजारी दुसरे एक वाक्य ठेवून पाहा. चौथीतला एक मुलगा आहे असे समजा. त्याला वजाबाकी येते, पण ५०२मधून १७८ वजा करताना तो मधल्या शून्यापाशी अडतो. दशकाच्या घरात काही नसले तर शतकाकडून उसने घेऊन ते आधी दशकात आणायचे आणि मग एककात, ही दोन पायऱ्यांची उसनवारी त्याला जमत नाही. प्रगतिपुस्तकात याचे ‘गणित : ब-२, सराव आवश्यक’ असे होते. आई घरी येऊन त्याला शंभर गणिते घालते, त्यातली मधे शून्य नसलेली सगळी बरोबर येतात, असलेली सगळी चुकतात, आणि शेवटी पोरगा लक्ष देत नाही असा निष्कर्ष निघतो. त्याऐवजी बाईंनी दोन मिनिटांत एवढेच सांगितले की तो या शून्यापाशी अडतो आहे. घरी शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा आणि त्यातली एक मोडून दहा नाणी, असा खेळ आठवडाभर त्याच्याशी खेळा. यासाठी आईला गणित यावे लागत नाही. सुट्टे पैसे मोजणे तिला आपल्यापेक्षा चांगले येते. बाईंना हे सांगायचे तर मूल नेमके कुठे अडते ते आधी स्वतःला माहीत असावे लागते, आणि चांगला संवाद शिक्षकाला जड जातो तो इथे. गोड बोलणे त्या मानाने सोपे.

नेमकी माहिती पोचली की फरक पडतो, याला पुरावा आहे. रिबेका डिझन-रॉस या अर्थतज्ज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या मलावी देशात केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आपले मूल अभ्यासात कितपत आहे याबद्दल पालकांचे अंदाज बरेच चुकीचे होते, आणि गरीब, कमी शिकलेल्या पालकांचे जास्त चुकीचे होते. खरी स्थिती सांगितल्यावर पालकांनी आपले निर्णय बदलले. सरावाची सोपी वही घ्यायची की अवघड, हे ते मुलाच्या पातळीला धरून निवडू लागले. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमध्ये गरीब वस्तीतल्या शाळांनी पालकांना मुलाची हजेरी, वर्तन आणि गणिताचे गुण मोबाइलवरच्या छोट्या संदेशांतून नियमित कळवले, तेव्हा गणित सुधारले आणि हजेरीही. आपल्याकडे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली वाचनाची चाचणी दरवाजात उभे राहून घेता येते इतकी साधी आहे : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता येत होती. उरलेल्यांच्या घरी हे कोणी स्पष्ट सांगितले असेल काय? ज्याला परिच्छेदाशी अडायला होते त्याच्याही पुस्तकात ‘अवांतर वाचन वाढवावे’ असेच लिहिलेले असणार.

यावर एक जाणकार आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. माहितीने जर इतके होते, तर जौनपूरला काही का झाले नाही? उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात २८० गावांत अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली छापून आले. काही गावांत लोकांना ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्यापुढे जाऊन वाचनाची चाचणी शिकवली, गावकऱ्यांनी स्वतःच मुले तपासली, गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. अशी समिती आहे हेच बहुतेक पालकांना ठाऊक नव्हते, आणि समितीच्या काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. पण हे सगळे सांगून झाल्यावरही सरकारी शाळेत काही हलले नाही. पालकांचा सहभाग वाढला नाही, शिक्षकांची मेहनत वाढली नाही, शिकणे वाढले नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र तरुण स्वयंसेवकांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत दिली होती. तिथे त्यांनी वर्ग घेतले, आणि त्या वर्गांना जी मुले गेली ती वाचनात चांगलीच पुढे सरकली.

या प्रयोगाचा अर्थ ‘लोकांना पर्वा नाही’ असा लावला जातो. मला तो पटत नाही. पर्वा नसती तर ते तरुण पदरचा वेळ मोडून शिकवायला कशाला आले असते? मला दिसते ते असे, की माहितीबरोबर हातात करण्याजोगे काम आले तिथे माणसे हलली. माहितीबरोबर फक्त समितीत जाऊन भांडण्याचा हक्क आला तिथे हलली नाहीत. गावातल्या शेतमजुराने मुख्याध्यापकासमोर उभे राहून जाब विचारावा, ही अपेक्षा करायला सोपी आहे. तीन चतुर्थांश जागा दिल्याने त्या दोघांमधले अंतर मिटत नाही. चिलीतला संदेश आणि जौनपूरचे प्रगतिपत्रक यांत फरक हाच : एक आपल्या मुलाविषयी, वारंवार आणि घरी काही करता येईल असा होता, दुसरे गावाविषयी, एकदाच आणि शाळेवर दबाव आणण्यासाठी होते.

‘आमचे पालक अडाणी आहेत, त्यांना सांगून काय उपयोग’ हे शिक्षकांच्या खोलीतले नेहमीचे वाक्य आहे. त्याला उत्तर बिहार आणि राजस्थानातल्या ४८० गावांतल्या प्रयोगात सापडते. तिथे काही आयांना साक्षरतेचे वर्ग दिले, काहींना घरी मुलाबरोबर करायच्या छोट्या कृती दाखवून दिल्या, काहींना दोन्ही. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, आयाही शिकल्या. फरक लहान होता. तो फुगवून सांगण्याचे कारण नाही. पण शाळेची पायरी न चढलेल्या आईकडून काही होऊच शकत नाही, हा समज त्याने खोटा ठरतो. याच्या उलट टोकाला सुशिक्षित घरे आहेत. अमेरिकेत कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस या संशोधकांनी अनेक वर्षांची आकडेवारी तपासून २०१४ साली दाखवले की पालकांनी गृहपाठाला मदत करणे, शाळेच्या सभांना जाणे यांचा मुलांच्या प्रगतीशी सरसकट संबंध लागत नाही. हा निष्कर्ष माझ्या विरोधात जातो असे वाटेल. मला तो सोयीचाच आहे. सहभाग नावाची काही सर्वगुणी मात्रा नाही. गृहपाठाच्या वहीवर आईने स्वतः रंगवलेले चित्र हा सहभाग असेल, तर तो न झालेला बरा.

खरा अवघड आक्षेप निराळाच आहे, आणि तो चांगल्या शिक्षकांकडून येतो. ते म्हणतात, खरे सांगितले तर घरी पोराला मार बसतो. कायद्याच्या कलम १७ने शाळेतली मारहाण बंद केली. घरातली कोण बंद करणार? ‘सर, हाणा त्याला, आमची काही तक्रार नाही’ असे आपणहून सांगणारे बाप अजून आहेत. म्हणून बाई प्रगतिपुस्तकात सौम्य वाक्य लिहितात. त्यात मुलाविषयीची माया असते आणि तिची थट्टा करू नये. पण मार कशामुळे बसतो ते पाहावे लागेल. ‘लक्ष देत नाही’, ‘मस्ती करतो’, ‘प्रयत्न कमी पडतात’ या शेऱ्यांत दोष मुलाच्या स्वभावावर येतो, आणि स्वभाव सुधारायचा तर बापाला एकच उपाय माहीत असतो. ‘शून्यापाशी अडतो, नोटांचा खेळ खेळा’ यात दोष कोणावरच येत नाही आणि पट्टा काढायला जागा उरत नाही. धोका पूर्ण टळतो असे मी म्हणणार नाही. ज्या घरात मारहाण रोजचीच आहे तिथे काय सांगायचे आणि किती सांगायचे हे शिक्षकाने त्या मुलाकडे बघून ठरवावे. मात्र त्यासाठी घर माहीत असायला हवे.

इथून बोलण्याची दुसरी दिशा सुरू होते. शाळेने ऐकायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा अशी मागणी केली. त्यांचे कारण असे, की तो लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा, त्यांच्या इच्छा जाणून घेईल. अंतर राखून राहणाऱ्या शिक्षकाला ते जमणार नाही. पोटासाठी पोरे गुरांमागे जातात, हेही ते जाणून होते. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. मुले शाळेत येत नव्हती. पाड्यावर जाऊन कारणे समजून घेतली तर ती साधी निघाली. थोरल्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळायचे असे. मुलग्यांना गुरे राखायची असत. ‘शिक्षणाचे महत्त्व पटवून’ देण्याचे भाषण तिथेही करता आले असते. त्यांनी शाळाच बदलली. वाड्यावस्तीवर अंगणात वर्ग भरवला, ती अंगणवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, ती विकासवाडी. बहीण धाकट्याला काखेत घेऊन आली तरी चालू लागले. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षक गेला, ती कुरणशाळा. ऐकल्याचा परिणाम शाळेच्या जागेत, वेळेत, रचनेत उमटला. आजच्या कुठल्या पालकसभेच्या इतिवृत्तात पालकाच्या सांगण्यावरून शाळेची एखादी वेळ तरी बदलल्याची नोंद सापडेल?

बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बरोबर मुले जातात आणि हजेरीपटावर लाल रेघा सुरू होतात. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण ट्रक निघाल्यावर सभा घेऊन उपयोग काय? मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली जाते ती काही महिने आधी. त्या वेळी शिक्षकाने घरी जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : यंदा कोयता (म्हणजे तोडणीचे जोडपे) जाणार का, आजी-आजोबा घरी राहणार का, मुलीला कोणाजवळ ठेवायला तुमचा जीव धजेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर वसतिगृहात स्वयंपाकाला आणि रात्री मुक्कामाला कोण बाई असावी हेही ठरवता येते. वयात येणारी मुलगी आई बरोबर का नेते, हे तिला न विचारता गावात शाळेविषयी अनास्था आहे असा अहवाल लिहिणे सोपे असते. नंदुरबारच्या सातपुड्यात, गडचिरोलीत, मेळघाटात यात भाषेची भर पडते. घरी भिली, गोंडी किंवा कोरकू, सभेत प्रमाण मराठी, म्हटल्यावर आई गप्प बसते आणि ‘पालक बोलत नाहीत’ असा शेरा पडतो.

ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हे जाता जाता सांगतो. पालक गृहपाठ वाढवा म्हणतील, पहिलीपासून इंग्रजीच हवे म्हणतील, हाणा म्हणतील. शिक्षकाला शास्त्र माहीत आहे, त्याने नाही म्हणावे आणि का नाही तेही सांगावे. शहरातल्या खासगी शाळांत वेगळाच पेच आहे. २०११च्या शुल्क नियमन कायद्यामुळे तिथे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवण्यात वाटा मिळाला, सदस्य सोडत काढून निवडले जातात. हे हवेच होते, कारण फीच्या मनमानीला दुसरा लगाम नव्हता. पण त्यामुळे संघाच्या बैठकीत पैशाचाच विषय उरला आणि मुलांचा विषय व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गेला, जिथे रात्री अकराला ‘उद्या ब्राउन पेपर आणायचा आहे का’ हा प्रश्न चौदा जणी विचारतात. हा ग्रुप सूचनांसाठी ठेवावा. कोणाही मुलाविषयी त्यावर अवाक्षर नको. एकाचे अडणे चाळीस घरांना कळवणे हा अन्याय आहे.

राहता राहिला वेळ. ‘हे सगळे करायला आम्हाला वेळ कुठे आहे’ असे शिक्षक विचारतात, तेव्हा ते बहाणा करत नाहीत. कलम २७ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावू नयेत असे म्हटले, तरी सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, फोटो, प्रमाणपत्रे यांचा रगाडा संपत नाही. पण हिशेब तरी मांडून पाहू. प्राथमिकला तीस मुलांचा वर्ग धरला आणि प्रत्येक घराला वर्षातून दोनदा पंधरा मिनिटे दिली, तर पंधरा तास होतात. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, आणि शिक्षकाचा आठवडा तयारीसह किमान ४५ तासांचा धरला आहे. म्हणजे पंधरा तास हा वर्षभरातल्या एका आठवड्याचा तिसरा हिस्सा. माध्यमिकला साठांच्या वर्गात पाच मिनिटे धरली तरी एका फेरीला पाच तास लागतात. प्रगतिपुस्तक वाटायच्या दिवशी दोन तासांत ते उरकतात म्हणून माणशी दोन मिनिटे येतात आणि तीही सह्या करण्यात जातात. तेव्हा हे तास वेळापत्रकात लिहून द्यावेत आणि तेवढी दुसरी कामे कमी करावीत. रोजंदारीवरचा माणूस सकाळी अकराला खाडा करून येणार नाही, म्हणून त्यातले काही तास संध्याकाळचे असावेत आणि थांबणाऱ्या शिक्षकाला त्याबदली दुसऱ्या दिवशी तेवढी सवलत मिळावी. नोंदीसाठी एक साधी वही पुरते : कोणाशी बोलणे झाले, त्यांनी काय सांगितले, पुढच्या महिन्यात घरी काय आणि शाळेत काय करायचे ठरले. त्या वहीचे फोटो काढून कोणत्या अ‍ॅपवर चढवायला मात्र कृपा करून सांगू नये.